कोयता आणि त्याची खोळ

समुद्रपूरहून बोलते आहे.

सोयाबीन घरात आलं, कापसाचा वेचा सुरू आहे, आणि थोड्याच दिवसांत तूर कापायला येईल. म्हणून आज कोयत्याबद्दल बोलायचं ठरवलं. बचत, कर्ज, हप्ता यावर आपण दर बैठकीत बोलतो. ज्या हत्यारानं तो हप्ता फिटतो, त्याचं नाव मात्र कधी निघत नाही.

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या दोन गटांसाठी मी 20 कोयते एकगठ्ठा विकत घेतले. चकचकीत पाती, रंगवलेल्या मुठी, आणि लोहाराच्या कोयत्यापेक्षा स्वस्त. बिलावर सही माझी. तूर कापणीच्या तिसऱ्या दिवशी एकीनं घाव घातला, तर मूठ तिच्या हातात राहिली आणि पातं उडालं. बाजूच्या तासात वाकलेल्या मैत्रिणीच्या नडगीला लागलं. सात टाके पडले आणि ऐन हंगामात तीन आठवड्यांची मजुरी बुडाली. गटातलं कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ती मूठ घेऊन मी लोहाराकडे गेले. त्यानं ती उभी चिरून दाखवली. पात्याचं शेपूट आत जेमतेम दोन बोटं गेलेलं होतं आणि बाकी जागा चिकटवणीनं भरलेली. "ताई, हे उडणारच होतं. तुम्ही पातं पाहिलं, मूठ नाही पाहिली," तो म्हणाला. खरंच होतं ते. आपण भाजी घेताना दहा वेळा उलटसुलट करतो आणि कोयता घेताना फक्त चकाकी पाहतो.

तेव्हा कोयता हातात घेतला की आधी मूठ पाहा. पात्याचं शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोकाला वळवलेलं किंवा ठोकलेलं असावं. मुठीच्या तोंडाशी घट्ट लोखंडी कडी हवी, म्हणजे लाकूड तडकत नाही. नुसत्या खिळ्यावर किंवा चिकटवणीवर बसवलेली मूठ घेऊ नका. लाकूड धावड्याचं किंवा बाभळीचं असेल तर चांगलं. धावडा चिवट असतो, आपल्याकडे कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच करतात. आणि मूठ तुमच्या हाताची हवी. बहुतेक मुठी पुरुषांच्या पंजाच्या मापानं केलेल्या असतात. मूठ धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जवळपास टेकली पाहिजेत. जाड मूठ दिवसभर आवळून धरली की संध्याकाळी भाकरी थापताना मनगट बोलतं. लोहाराला बिनधास्त सांगा, "दादा, मूठ माझ्या हाताएवढी तासून द्या." तो देतो.

आता पातं. गाडीच्या जुन्या कमानपाट्यापासून केलेला कोयता टिकतो, कारण ते लोखंड पाणी धरतं. पाणी धरतं म्हणजे लोहार ते लाल करून विझवतो तेव्हा कडक होतं. पण फार कडक झालं तर धारेचा टवका उडतो आणि मऊ राहिलं तर धार वळते. पारख सोपी आहे. बाभळीच्या वाळल्या फांदीवर चारपाच घाव घाला आणि धार उन्हात धरून पाहा. चांगली धार उन्हात दिसत नाही. जिथे पांढरी चमकती रेघ दिसते तिथे धार वळली किंवा तुटली समजा. मग तो कोयता परत करा, लाजू नका.

वजन कामाप्रमाणे. तूर, पऱ्हाटी, धुऱ्यावरच्या काट्या यांना जड पातं लागतं, घाव वजनानंच बसतो. गवताला आणि सोयाबीनला मात्र हलका विळा बरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं काढलेला दातेरी वैभव विळा भातासाठी आहे. तो ओढून कापायचा असतो, त्यानं घाव घालायचा नसतो. सगळी कामं एकाच हत्यारानं करायला गेलं की हत्यारही जातं आणि खांदाही.

एक गोष्ट नेहमी मनात येते. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. म्हणजे तिथे बाई अर्ध्या कोयत्याची, आणि तिच्या हातातला कोयता कसा आहे ते विचारणारं कोणी नाही.

धारेचं सांगते. कानस किंवा दगड एकाच कोनात, एकाच दिशेनं चालवा. रोज थोडी धार लावली की महिन्यातून एकदा तासभर बसावं लागत नाही. मशीनच्या चाकावर धार लावून घेत असाल तर जवळ उभ्या राहा. पातं निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं. ती जागा मऊ झाली, मग कितीही घासा. तसंच, तुटलेली मूठ काढायला कोयता चुलीत घालू नका. माझ्या सासूबाईंचा जुना कोयता मी असाच घालवला. आणि मूठ सैल झाली म्हणून पाण्यात भिजत टाकणं ही दोन दिवसांची मलमपट्टी. लाकूड फुगतं, वाळलं की पहिल्यापेक्षा सैल होतं. पाचर ठोकून घ्या, नाहीतर मूठ बदला. मुठीला उन्हाळ्याआधी जवसाचं तेल चोळा. ते लाकडात मुरून वाळतं आणि मूठ तडकत नाही. पात्याला काम संपल्यावर कोरडं पुसून कोणत्याही तेलाचा हात द्या.

आता खोळीचं. आपल्या बायकांना शेतात कमी आणि जातायेता जास्त लागतं, असं मी पाहिलं आहे. कोयता पदरात गुंडाळून आटोत बसायचं, गाठोड्यात खोचून डोक्यावर घ्यायचा, नाहीतर दुचाकीवर मांडीखाली ठेवायचा. कोकणात बायामाणसं कमरेला आकडी बांधतात आणि कोयती त्यात मागे अडकवतात, दोन्ही हात मोकळे. आपल्याकडे ती पद्धत नाही, म्हणून खोळ हवीच.

पिठाच्या चक्कीचा जुना पट्टा मागून आणा. पातं कागदावर ठेवून आखून घ्या आणि दोन बोटं जास्त सोडून दोन तुकडे कापा. धारेच्या बाजूला या दोन तुकड्यांच्या मध्ये पट्ट्याचीच एक बोटभर रुंद चिंधी घाला आणि मग शिवा. ही मधली चिंधी विसरू नका. ती नसली तर धार थेट शिलाईवर बसते, टाके कापते आणि खोळ फाटून पातं बाहेर येतं. शिलाई चप्पलवाल्या दादांकडून घ्या, वर दोन रिपिट मारा. खाली टोकाला छोटं भोक ठेवा, पावसाचं पाणी निघून जातं. तोंडाशी एक बंद लावा, म्हणजे वाकल्यावर कोयता घसरत नाही. चामड्याची खोळ असेल तर घरी आल्यावर कोयता तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, रात्रीतून गंज चढतो. खोळ फक्त वाटेसाठी. घरी कोयता खुंटीला, पोरांच्या हातापासून वर.

आणि लागलंच तर? हळद, चहापत्ती, माती काहीही भरू नका. स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा, पाय किंवा हात वर उचलून ठेवा आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या सुईचं विचारा. जखम लहान दिसते म्हणून सुई टाळू नका.

त्या 20 कोयत्यांचं काय केलं, असं मला नेहमी विचारतात. एकोणीस मुठी काढून टाकल्या. सात पातीच बरी निघाली. त्यांना लोहारानं लांब शेपूट जोडून धावड्याच्या मुठी बसवल्या. बाकी भंगारात गेली आणि ते नुकसान आम्ही वहीत 'कोयते' म्हणूनच लिहून ठेवलं आहे. पाय कापला होता ती मैत्रीण आता खरेदीला माझ्यासोबत येते. आधी मूठ तीच बघते.

पुढच्या बैठकीला आपापले कोयते घेऊन या. चक्कीचा पट्टा मिळाला आहे, दहाएक खोळींपुरता.