नागरिकाची खातेवही
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानासाठी विश्वस्तांनी मला विषयाची मोकळीक दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी शास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि चार दशके कापड मोजणारा व्यापारी आहे. म्हणून गल्ल्यावर बसून जे रोज दिसते त्याविषयीच, म्हणजे आपले दैनंदिन जीवन आणि आजचे राजकारण यांविषयी, चार शब्द बोलावे असे ठरविले. ही वास्तू धर्मादाय न्यासाची आहे. येथे पक्षाचा प्रचार होऊ नये, ही मर्यादा मी जाणतो. परंतु पक्ष वेगळा आणि नागरिकाचे कर्तव्य वेगळे. पहिला उंबरठ्याबाहेर ठेवता येतो, दुसरे ठेवता येत नाही.

कापडाचे दुकान हे गावाच्या सुखदुःखाचे मोजमाप असते. लग्नाचा बस्ता बांधावयास आलेले कुटुंब किती तागे उघडून पाहते आणि प्रत्यक्षात किती घेते, यावरून त्या वर्षीचे भात, मासळी आणि कारखान्यांतील पगार यांचा अंदाज येतो. नारळी पौर्णिमेपूर्वी सातपाटी-मुरब्याच्या भगिनी येतात, होळीच्या आधी विक्रमगड-जव्हारकडची कुटुंबे येतात आणि दिवाळीचा बोनस झाला की बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार येतो. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि आमचा ग्राहक दादरच्या दुकानांत सहज पोहोचला. अनेक दशके कापडावर विक्रीकर नव्हता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यास ५ टक्के आणि त्यावरील कपड्यास १८ टक्के कर झाला. म्हणजे दिल्लीत घेतलेला निर्णय अखेर आमच्या मीटरपट्टीपर्यंत येऊन पोहोचतो. “आम्हाला राजकारणात रस नाही” असे म्हणणाऱ्या व्यापाऱ्याने आपले एक बिल काळजीपूर्वक वाचावे.

८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. लग्नसराई तोंडावर आलेली आणि पाचशे-हजाराच्या नोटा एका रात्रीत बाद झालेल्या. त्या दिवसांत माझ्या दुकानाचा व्यवहार चालला तो निव्वळ शब्दावर. ओळखीच्या ग्राहकाने “फाल्गुनात देतो” म्हणावे, मी वहीत नाव लिहावे आणि माल द्यावा. त्यांतील बहुतेकांनी पै-पैसा आणून दिला. सरकारी शिक्क्याची नोट चालत नव्हती तेव्हा माणसाचा शब्द चालत होता. समाजाचे खरे भांडवल हेच, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आता राजकारणातील शब्दाकडे पाहू. निवडणूक आली की आमच्या धंद्यात उपरण्यांना मागणी वाढते. कापड तेच, शिवण तीच. फक्त रंग आणि छाप वेगळी. २०१८ च्या पालघर लोकसभा पोटनिवडणुकीत, केंद्रात आणि राज्यात एकत्र सत्तेत असलेले भाजप व शिवसेना हे पक्ष एकमेकांविरुद्ध लढले. काँग्रेसमधून आलेले श्री. राजेंद्र गावित भाजपचे खासदार झाले. दिवंगत भाजप खासदार चिंतामण वनगा यांचे सुपुत्र शिवसेनेचे उमेदवार होते. पुढच्याच वर्षी युती झाली, जागा शिवसेनेकडे गेली आणि श्री. गावित शिवसेनेचे खासदार म्हणून निवडून आले. २०२४ मध्ये ते प्रथम भाजपमध्ये गेले आणि त्याच वर्षी शिंदे यांच्या शिवसेनेचे आमदार झाले. मी कोणा व्यक्तीस दोष देत नाही. त्यांना प्रत्येक वेळी आपणच मते दिली आहेत. मला केवळ एक व्यापारी प्रश्न विचारावयाचा आहे.

बाजारात पेढीचे नाव बदलते, भागीदार बदलतात, मुलगा बापाच्या जागी बसतो. तरी जुनी देणी संपत नाहीत. पाटी बदलली म्हणून देणेकरी सुटला, असे कोणतीही पेठ मानीत नाही. मग उपरणे बदलल्यावर जुन्या उपरण्याखाली दिलेल्या वचनांचे देणे कोणाच्या नावे पडते?

आपल्या परिसराची अशी काही देणी आहेत. देशातील पहिले व्यापारी अणुविद्युत केंद्र १९६९ साली तारापूरला सुरू झाले, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॅटचे तिसरे व चौथे संच उभारताना अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या ग्रामस्थांना पुनर्वसनासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आणि ते दावे वर्षानुवर्षे चालले. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने सहस्रावधी घरांत चूल पेटविली, हेही तितकेच खरे. परंतु तिचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात आणि खाड्यांत गेले, मासळीवर परिणाम झाला आणि मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. १ ऑगस्ट २०१४ रोजी आपला स्वतंत्र जिल्हा झाला. ठाण्याच्या कचेरीत दिवस घालविण्याची वेळ टळली, २०२१ मध्ये भव्य मुख्यालयही उभे राहिले. पण मोखाड्याच्या पाड्यावरील गर्भवती भगिनीला आजही झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या येतात, तेव्हा जमेच्या रकान्यासमोर दुसरा रकानाही असतो याची आठवण होते.

आणि आता वाढवण बंदर. १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने या जागी बंदरास नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला भूमिपूजन झाले. या सभागृहातील आपण बहुतेक व्यापारी आहोत, तेव्हा स्पष्ट बोलू. बंदर आले तर जागांचे भाव वाढतील, वाहतूक वाढेल, ग्राहक वाढेल. आपल्या जमेच्या बाजूस भर पडेल. परंतु वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षी आपण शिकलो की प्रत्येक जमेसमोर कोठेतरी नावे नोंद पडते. ही नोंद वाढवण, वरोर, धाकटी डहाणू येथील मच्छीमाराच्या खात्यावर पडणार असेल, तर तोही आपलाच ग्राहक आहे. त्याच्याच घरच्या बस्त्यांवर आपल्या पूर्वजांची दुकाने उभी राहिली.

माझे मत विचाराल तर ते बाजारातील साध्या नियमासारखे आहे. मागील बाकी चुकती झाल्याखेरीज नवा माल उधारीवर मिळत नाही. वाढवणच्या माणसाला “विश्वास ठेवा” असे सांगण्यापूर्वी पोफरणच्या माणसाचे खाते पूर्ण चुकते व्हावयास हवे होते. आणि हे शासनास ऐकविण्याचे काम केवळ मच्छीमाराचे नाही, ज्यांना या प्रकल्पाचा लाभ होणार आहे त्या आपलेही आहे. लाभ होणाऱ्याने मागितलेला न्याय शासनाला अधिक गंभीरपणे घ्यावा लागतो.

या विषयांवर घराघरांत मतभेद आहेत, आणि ते असावेत. आपल्या परंपरेने अनेकांताचा विचार दिला आहे. समोरच्याच्या बोलण्यातही सत्याचा अंश असू शकतो, हे आपण पर्युषणात ऐकतो. परंतु मोबाईल हाती आला की ते विसरतो आणि शहानिशा न करता मजकूर पुढे ढकलतो. १६ एप्रिल २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. चोर फिरत असल्याच्या अफवा त्या भागात पसरलेल्या होत्या. खोटे नाणे आपण दगडावर वाजवून पाहतो, मग खोटा शब्द न वाजवता कसा घेतो?

समारोपात एक छोटी विनंती. दरवर्षी दिवाळीस आपण चोपडापूजन करतो. येत्या दिवाळीस त्या चोपड्यांशेजारी एक साधी वही ठेवावी. नगरपरिषद, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा अशी चार पाने पाडावीत. डाव्या बाजूस उमेदवाराने मागताना काय कबूल केले ते तारखेसह, उजव्या बाजूस काय झाले ते तारखेसह. पक्षाचे नाव पेन्सिलीने लिहावे, कारण ते बदलते. वचन मात्र शाईने. जे काम झाले ते मोकळ्या मनाने जमा करावे आणि त्या प्रतिनिधीस आभाराचे पत्रही धाडावे. जे झाले नाही त्याची बाकी पुढे ओढावी. मते मागावयास कोणी दारी आले की त्यांना पाणी द्यावे, आसन द्यावे आणि ते पान नम्रपणे समोर ठेवावे. वसुली भांडून होत नसते. वही नीट लिहिलेली असेल तर ती होते, हा आपल्या पिढ्यांचा अनुभव आहे.