न्यायमूर्ती सावंत आणि कारण विचारण्याचा हक्क
(कुळगाव येथील भाषणाचा मजकूर)



न्यायमूर्ती परशुराम बाबाराम सावंत यांचे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी पुण्यास निधन झाले. १९७३ पासून मुंबई उच्च न्यायालयात आणि १९८९ ते १९९५ सर्वोच्च न्यायालयात त्यांनी न्यायदान केले. त्यांच्या निकालपत्रांतून मला एकच प्रश्न पुनः पुनः ऐकू येतो : ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याने कारण का सांगू नये ?

पहाटेची लोकल गाठून मुंबईस कामावर जाणाऱ्या आपणांस नोकरीची किंमत वकिलाने सांगावयास नको. दिल्ली परिवहन महामंडळाचा ९(ब) हा विनियम असा होता की, एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार हातावर ठेवावा आणि कायम नोकरास घरी पाठवावे. चौकशी नाही, आरोप नाही, कारण नाही. ४ सप्टेंबर १९९० रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो रद्द ठरविला. अधिकारी वरच्या दर्जाचे असल्यामुळे ते सत्तेचा दुरुपयोग करणार नाहीत, हा युक्तिवाद सावंतांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात झिडकारला. माणूस कितीही उच्चपदस्थ असो, केवळ त्याच्या सद्‌बुद्धीवर विसंबून राहू नये, असे त्यांचे म्हणणे. पिढ्यानपिढ्या वरच्यांच्या सद्‌बुद्धीवर सोपविल्या गेलेल्या आपल्या समाजास याहून अधिक काय पटवून द्यावयाचे ! (हा निकाल शासकीय संस्थांपुरता आहे. अंबरनाथच्या खासगी कारखान्यातील कामगाराची वाट औद्योगिक कायद्यातून जाते.)

११ मार्च १९९४ च्या बोम्मई खटल्यात हाच प्रश्न दिल्लीच्या सरकारास विचारला गेला. राज्य सरकारे बरखास्त करणारी तरतूद वापरण्याची वेळच येऊ नये, अशी आशा बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत व्यक्त केली होती. ती फोल ठरली होती. राष्ट्रपतींच्या उद्‌घोषणेमागील आधार न्यायालय तपासू शकते आणि उद्‌घोषणा अवैध ठरल्यास विसर्जित विधानसभा पुनः स्थापित होऊ शकते, असे सावंतांनी लिहिले.

मंडल खटल्यात, १६ नोव्हेंबर १९९२ रोजी, इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के आरक्षण उचलून धरणाऱ्या सहा न्यायमूर्तींत ते होते. मात्र पदोन्नतीतील आरक्षण त्याच निर्णयाने नाकारले आणि सावंतांचे मतही तसेच होते. मला ते पटलेले नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९९५ साली ७७वी घटनादुरुस्ती करावी लागली. गौरवाच्या भाषणात हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

निवृत्तीनंतर ते भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या काळात, १९९६ साली, परिषदेने माहिती अधिकाराचा मसुदा तयार केला. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला. त्याच्या कलम ४ मध्ये एक लहानसे पोटकलम आहे, ते आपण घरी जाऊन अवश्य वाचावे : प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाने बाधित झालेल्या व्यक्तीस द्यावयाची आहेत. दाखल्याचा अर्ज फेटाळला, घरपट्टी वाढविली, तर तोंडी उत्तर घेऊन परतू नये. या कलमाचा उल्लेख करून लेखी कारण मागावे. अर्ज मराठीत चालतो.