हीच ती गाडी



जुन्या मोटारींचा लिलांव पाहावयास गेलेल्या मनुष्यास प्रथम आश्चर्य वाटतें तें तेथील किंमतींचें. इटलींतील फेरारी कारखान्यानें १९६२ पासून १९६४ पर्यंत '२५० जीटीओ' या जातीच्या अवघ्या ३६ गाड्या बांधल्या. त्यांपैकीं एक २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांस विकली गेली. एवढें द्रव्य कोणी केवळ पत्रा, चाकें आणि एंजिन यांसाठीं मोजीत नाहीं. "हीच ती गाडी" या तीन शब्दांची ती किंमत असते. मग हे तीन शब्द खरे कीं खोटे, हें ठरवावयाचें कसें? याच प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. मोटार ही देव्हाऱ्यांतील मूर्तीप्रमाणें एके जागीं बसून राहणारी वस्तु नव्हे. ती धांवते, झिजते, आदळते. शर्यतीची गाडी तर वरचेवर उघडली जाते आणि तिचे भाग बदलले जातात. आपल्याकडील जुन्या वाड्याची तुळई एका पिढींत बदलते, कौलें दुसऱ्या पिढींत बदलतात. तरी वाडा तोच, असें आपण निःशंकपणें म्हणतों. परंतु वाडा निदान आपली जागा सोडीत नाहीं. मोटारीस तोहि आधार नाहीं.

१९९० सालीं हाच प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयापुढें आला. 'ओल्ड नंबर वन' या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बेंटली गाडीनें १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. १९३२ सालीं तिला आठ लिटरचें एंजिन बसविण्यांत आलें. त्याच वर्षीं इंग्लंडांतील ब्रुकलंड्सच्या शर्यतींत ती वळणाच्या उंच बांधावरून बाहेर फेंकली गेली व तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मृत्यु पावला. पुढें ती दुरुस्त झाली, तिच्यावर बंदिस्त बॉडी चढली आणि कालांतरानें तीहि बदलली. ही गाडी १ कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला. परंतु "ही ती गाडीच नव्हे" असें म्हणून घेणाऱ्यांनीं माघार घेतली आणि प्रकरण कोर्टांत गेलें.

न्यायमूर्ति ऑटन यांनीं गाडीच्या अंगोपांगांविषयींचा पुरावा बारकाईनें ऐकला. १९२९ च्या गाडींतील म्हणून निश्चित सांगतां येईल असें कांहींच उरलें नव्हतें. १९३० च्या गाडींतील पायपट्ट्यांचा दांडा, गिअरपेटीचें कवच व स्टिअरिंगचा दांडा एवढेंच शिल्लक होतें. असें असतांहि निकाल विकणाऱ्याच्या बाजूनें लागला. गाडी मध्येंच कधीं नाहींशी झाली नव्हती. एका अवस्थेंतून दुसऱ्या अवस्थेंत ती अखंडपणें आली होती. त्या नांवावर न्याय्य हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नव्हती. तेव्हां तिला 'मूळ स्थितींतील' म्हणतां येणार नाहीं. पण ती 'अस्सल' आहे, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें.

माझ्या मतें सर्व मर्म या दोन शब्दांतील अंतरांत आहे. मूळपणा हा धातूचा गुण आहे. अस्सलपणा हा इतिहासाचा. पहिला डोळ्यांनीं पाहावा लागतो, दुसरा पुराव्यानें सिद्ध करावा लागतो.

म्हणून लिलांवास जाणाऱ्यानें दोन्ही परीक्षा कराव्या. गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, हिच्यावरील क्रमांक नुसता वाचूं नये. तो कसा ठोकला आहे हें पाहावें. हातानें ठशांनीं ठोकलेले आंकडे किंचित् पुढेंमागें असतात. ते फारच नेटके असतील, किंवा त्यांच्याभोंवतालचा पत्रा कानशीनें घासलेला दिसेल, तर शंका घ्यावी. एंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या नोंदवहीशीं ताडून पाहावा. बिजागरीच्या आड रंगाचे जुने थर सांपडतात. एखादा स्क्रूदेखील साक्ष देतो. फुलीच्या खांचेचा स्क्रू अमेरिकन मोटारींत १९३६ च्या सुमारास येऊं लागला. तो १९२९ च्या गाडींत दिसला, तर तेथें मागाहून हात फिरला आहे हें उघड होतें. हात फिरणें हा गुन्हा नव्हे. तें लपविणें हा गुन्हा.

यानंतर कागद पाहावे : मालकीची परंपरा, दुरुस्तीचीं बिलें, शर्यतींचीं छायाचित्रें. या सांखळींतील एखादीहि कडी तुटली असेल, तर त्या काळांत गाडीचें काय झालें हें विचारावें. मोडक्या गाडीची चासी एकाकडे आणि तिचें एंजिन दुसऱ्याकडे जातें. पुढें दोघेहि गाडी उभी करतात आणि दोघेहि एकच नांव सांगतात. अशा वेळीं लिलांवाच्या यादींतील चकचकीत विशेषणांपेक्षां तेथें कोणती गोष्ट सांगितलेली नाहीं, इकडेच लक्ष द्यावें.

शेवटीं एक गोष्ट जीर्णोद्धार करणारांस सांगावीशी वाटते. जुना रंग खरवडला, झिजलेली कातडी बैठक फेंकून दिली, कीं गाडी नव्यासारखी झळकते खरी. पण ती ज्यांच्या आधारें "मी तीच" असें म्हणूं शकली असती, ते साक्षीदारहि त्याबरोबर नाहींसे होतात. रंग पुन्हां देतां येतो, साक्ष पुन्हां निर्माण करतां येत नाहीं. म्हणून काढलेला भाग जपून ठेवावा, बदललेला भाग लिहून ठेवावा. पुढील पिढींत कोणी विचारील कीं, "हीच का ती गाडी?", तेव्हां त्या प्रामाणिक टिपणाच्या चार ओळी नव्या रंगापेक्षां अधिक मोलाच्या ठरतील.