संध्याकाळच्या अभ्यासवर्गाचं ऑडिट
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांत सोसायटीनं काय काय उभं केलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. माझ्याकडे एकच विषय आहे, आपल्या सभागृहात शाळा सुटल्यावर चालणारा अभ्यासवर्ग. जिनिंगवर, मोंढ्यात हमालीला आणि आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या कुटुंबांची मुलं तिथं येतात. हा वर्ग पुढं चालवायचा की नाही, हे येत्या सर्वसाधारण सभेत ठरायचंय. काहीजण म्हणतात, पुण्याचं काम आहे. काही म्हणतात, लाईटबिल आपण भरतो, पण उपयोग काय? दोघांनाही माझा एकच प्रश्न आहे : तुम्ही हे कशावरून म्हणता?

सोसायटीच्या हिशेबाचं दरवर्षी ऑडिट होतं. वर्गाच्या नावावर मात्र हजेरीपट, वाटलेल्या वह्या आणि फोटो एवढंच आहे. ही झाली खर्चाची बाजू. जमेला काय आलं?

हे मोजायचं कसं, याचं मोलाचं काम आपल्याच महाराष्ट्रात झालंय. मुंबईच्या वस्त्यांमधून १९९५ साली ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. तिच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतलीच शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागं पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळातच रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात हा उपक्रम तपासला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काही शाळांत तिसरीला बालसखी दिली, काहींत चौथीला. मग दोन्हींकडच्या मुलांची तुलना केली. कारण मूल वर्षभरात काही ना काही शिकतंच. त्यातलं वर्गामुळं किती, हे तुलनेशिवाय कळत नाही. बालसखी मिळालेली मुलं पुढं गेली, त्यातही कच्च्या मुलांना जास्त फायदा झाला. पण उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराचसा ओसरला, हेही त्यांनी लपवलं नाही. या दोघांना २०१९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच कामासाठी.

आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचा दाखला उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा आहे. तिथं ‘प्रथम’च्या मदतीनं गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. ज्यांना काहीच वाचता येत नव्हतं, अशी वर्गाला आलेली सगळी मुलं निदान अक्षरं ओळखू लागली. पण गावातल्या शंभर मुलांमागं वर्गाला आली जेमतेम आठ! औषध गुणकारी होतं, पण ते रोग्यापर्यंत पोचलं नाही.

आता मानवतकडे येऊ. कापूस वेचणीला लागला की काही मुलं दिसेनाशी होतात. काही दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात. बहुतेक हीच मुलं अभ्यासात मागं असतात. ती गळली की उरलेल्यांची सरासरी आपोआप वाढते आणि आपल्याला वाटतं, वर्ग सुधारला! म्हणून जो आला त्याच्याइतकीच जो आला नाही त्याचीही नोंद पाहिजे.

माझ्या सूचना तीनच आहेत. एक, पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून एकेकट्यानं अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचून घ्या. हेच दिवाळीपूर्वी आणि एप्रिलमध्ये पुन्हा करा. मूल गळालं तरी त्याचं कार्ड ठेवा. दोन, जागेपेक्षा नावं जास्त आली तर ओळखीपाळखीवर न घेता चिठ्ठ्या टाका आणि राहिलेल्या मुलांचंही वाचन तपासा. त्यांना पुढच्या वर्षी आधी घ्या. तीन, मूल आठवडाभर आलं नाही तर कुणीतरी त्याच्या घरी जाऊन या. रागवायला नव्हे, कारण विचारायला. वेळ अडचणीची असेल तर वेळ बदलू. बहिणीबरोबर धाकटा भाऊ येणार असेल तर येऊ द्या.

एप्रिलमध्ये फरक दिसला नाही, तर आधी शिकवण्याची पद्धत बदलू, कुलूप लावायचा विचार नंतर. आणि एक विनंती, कोणत्या मुलाला किती येतं, हे फलकावर लिहू नका.

बालमित्रांनो, वाचून दाखवायला घाबरू नका. ही तपासणी तुमची नाही, आम्हा मोठ्यांची आहे.