ब्रह्मदेशचे सेनाधिकारी आणि आपण

(उल्हासनगर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



परराष्ट्रधोरण हा दिल्लीचा विषय, कल्याणपलीकडच्या कामगारवस्तीत त्याची चर्चा कशाला, असे एका मित्राने मला विचारले. ज्या गावात रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प नंबर चार’ असा पत्ता सांगतात, त्या गावाला हा विषय परका कसा असेल? सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना इथल्या लष्करी बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले.

आता ज्याला म्यानमार म्हणतात त्या ब्रह्मदेशाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. इंग्रजांनी १८८५ साली थिबा राजाला पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीस आणून ठेवले. आपल्या टिळकांना १९०८ साली मंडालेस धाडले. १९५३ च्या जानेवारीत आशियाई समाजवादी परिषद भरली तीही रंगूनलाच. नऊ वर्षांनी, २ मार्च १९६२ रोजी, जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली, पुढे इतर सारे पक्ष बंद केले, जगाला दारे लावून घेतली, आणि या साऱ्याला नाव दिले ‘समाजवादाचा ब्रह्मी मार्ग’! आपल्या शब्दाची इतकी विटंबना क्वचितच झाली असेल. दुकानांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले भारतीय लाखांच्या संख्येने रिकाम्या हातांनी परतले.

१९८८ च्या उठावात सैन्याने निदर्शकांवर गोळ्या चालविल्या, तेव्हा भारत लोकशाहीवाद्यांच्या बाजूने बोलला. आंग सान सू ची यांना १९९३ चा नेहरू पुरस्कारही दिला. परंतु चीनचा वाढता पगडा आणि ईशान्येतील सशस्त्र गट ही कारणे पुढे करून दिल्ली हळूहळू सेनाधिकाऱ्यांशी जुळवून घेऊ लागली. जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीतले आपले सरकारी घर ब्रह्मी विद्यार्थ्यांना खुले केले होते, याचा आपल्याला अभिमान आहे. ते संरक्षणमंत्री असतानाही सरकारचे पाऊल सेनाधिकाऱ्यांच्याच दिशेने पडत राहिले, हे मात्र आपण लपवता कामा नये.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने पुन्हा सत्ता घेतली. २७ मार्चला सैन्यदिनाच्या संचलनास भारताचा प्रतिनिधी हजर होता. त्याच दिवशी देशभरात शंभरावर माणसे मारली गेली. १८ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निषेधाचा ठराव ११९ मतांनी संमत झाला. विरोधात एकटा बेलारूस. तटस्थ राहिलेल्या ३६ देशांत भारत होता.

शेजारी निवडता येत नाही, १,६४३ किलोमीटरची सरहद्द आहे, असे सरकार म्हणते. ते खरे आहे. बहिष्काराने हुकूमशहा पडतोच असेही नाही. ने विन यांनी देशाला जगापासून तोडून सव्वीस वर्षे राज्य केले. म्हणून वकिलात बंद करा, बोलणी तोडा, असे मी म्हणणार नाही. पण बोलणे वेगळे आणि हत्यारे पुरविणे वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क प्रतिवेदकाने मे २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, सत्तापालटानंतर भारतातून सुमारे ५ कोटी १० लाख डॉलर किमतीची शस्त्रे व तत्संबंधी सामग्री तिकडे गेली. पुरवठादारांत सरकारी मालकीच्या कंपन्याही होत्या.

इथे अंबरनाथच्या साथींना एक गोष्ट सांगावयाची आहे. तुमच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून तिकडे काही गेले असे मी म्हणत नाही; तसा पुरावा माझ्यापाशी नाही. परंतु १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातील आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. संप मोडण्याचा कायदा त्याच वर्षी झाला. कंपनी म्हटली की गिऱ्हाईक आले, आणि निर्यातीचे आकडे वाढविण्याची घाई आली. आपण घडविलेला माल कोणाच्या हाती जातो हे विचारण्याचा हक्क कामगाराला आहे की नाही? संघटनेच्या मागणीपत्रात वेतन आणि पेन्शनच्या खाली हा मुद्दा यावयास हवा.

आणि माणसांचे काय? मार्च २०२१ मध्ये गृहखात्याने सरहद्दीवरच्या चार राज्यांना लिहिले की येणाऱ्यांना रोखा. मणिपूर सरकारने अधिकाऱ्यांना कळविले की अन्न आणि निवाऱ्यासाठी छावण्या उघडू नका. ओरड झाल्यावर ते पत्र मागे घ्यावे लागले. छावण्या उघडू नका! १९४७ साली ठाण्याच्या कलेक्टरकचेरीत नव्हे, दिल्लीतच कोणी असे लिहिले असते, तर आज या सभागृहातले निम्मे लोक कुठे असते? मिझोरम सरकारने मात्र ऐकले नाही. चिन लोक मिझोंचे भाईबंद; त्या छोट्या राज्याने तीस हजारांहून अधिक निर्वासित सांभाळले. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे या माणसांच्या हाती कायद्याचा आधार फारच थोडा आहे.

आजच्या ठरावाचा मसुदा तुमच्यापुढे आहे. त्यात दोन मागण्या आहेत: शस्त्रविक्रीची यादी संसदेपुढे ठेवावी, आणि ब्रह्मदेशातून आलेल्यांना परत धाडू नये. बदलापूरच्या साथींनी तिसरी सुचविली आहे, मिझोरमच्या छावण्यांसाठी इथल्या बाजारपेठेत निधी गोळा करण्याची. तिच्यावर आधी चर्चा घ्यावी, अशी माझी अध्यक्षांना विनंती आहे.