गोव्याचे दप्तर वाचणार कोण?



 मराठी इतिहास-अभ्यासकांनी एकत्र येण्यासाठी पणजी हे शहर निवडले, याचा मला फार आनंद आहे. मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा ऐवज इथे जपून ठेवलेला आहे. मात्र तो पोर्तुगीजमध्ये आहे. स्वागताध्यक्षाने पाहुण्यांना आपल्या गावची महती सांगावी अशी रीत आहे. ती मी या एका गोष्टीपुरतीच पाळणार आहे, कारण तिच्याशी एक मागणी जोडलेली आहे.

गोव्याच्या पुराभिलेखागारात ‘मोंसोंइश दु रैनु’ नावाची दफ्तरमाला आहे. लिस्बनची जहाजे मोसमी वाऱ्यांवर येत आणि जात. त्यांच्याबरोबर व्हाइसरॉय आणि राजदरबार यांच्यात जो पत्रव्यवहार होई, तो वर्षानुवर्षे बांधून ठेवलेला. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या वह्या वेगळ्या, आणि त्या शेजाऱ्यांत आपले छत्रपती आणि पेशवे येतात. डिसेंबर १६६७ चा शिवाजी महाराजांशी झालेला तह, १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यावर केलेली स्वारी, १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेली वसई, या प्रत्येक प्रसंगी पलीकडच्या बाजूला कुणीतरी घाबरून, चिडून, हिशेब मांडत लिहीत बसलेले होते. मराठा आरमाराच्या आरंभाचेच पाहा. रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर कल्याण-भिवंडीकडे महाराजांची जहाजे बांधवून घेत होता, आणि त्याला तिथून फोडण्याची खटपट वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने केली, ही १६५९ च्या सुमाराची हकीकत आपल्याला कळते ती पोर्तुगीज पत्रांमुळे.

ही कवाडे आपल्यासाठी ज्यांनी उघडली, ते डॉ. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे. त्यांनी या दफ्तरखान्याचा कारभार सांभाळला, कागद लावले, सूची केल्या, पोर्तुगीजमध्ये ग्रंथ लिहिले आणि अखेर हा सारा माल ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या ग्रंथातून मराठीत आणला. तो १९६७ साली पुणे विद्यापीठाने छापला. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचू शकणारा माणूस काय करू शकतो, याचे याहून मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही. पण दोन वर्षांनी, १९६९ साली, ते गेले. आणि आजही आपल्या प्रबंधांच्या तळटिपांत पोर्तुगीज साधन म्हणून बहुतेकदा त्यांचेच पुस्तक दिसते. मूळ कागदापर्यंत जाणारे हात फार थोडे. पिसुर्लेकरांनी जे निवडले तेवढेच आपण वाचतो, आणि जे त्यांच्या नजरेतून सुटले किंवा त्यांच्या विषयात बसले नाही, ते तसेच पडून आहे. गुरूबद्दलचा आदर म्हणजे त्याच्या पुस्तकावर थांबणे, असे मला वाटत नाही.

म्हणून मी आज विद्यार्थ्यांशी बोलतो आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीला मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय घेण्याची सोय झाली आहे. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवणारा विभाग आहे, तिथे पदव्युत्तर अभ्यास होतो. माझे म्हणणे असे, की पोर्तुगीज मुख्य विषय घेणारे थोडेच असतील आणि तसेच असायला हरकत नाही. पण इतिहास, मराठी किंवा कायदा शिकणाऱ्या मुलांनी ती गौण विषय म्हणून घ्यावी. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी, निदान रायगड, पालघर, ठाणे आणि सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांनी, ही सोय करावी. चौल, कोर्लई, वसई ही ठिकाणे त्यांच्या अंगणातली आहेत. कोर्लई गावात तर पोर्तुगीजमधून निपजलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. महाराष्ट्रातले लोक, महाराष्ट्रातली बोली, आणि तिची नोंद घ्यायला आपल्याकडे भाषा जाणणारा विद्यार्थी नाही, याचे मला वाईट वाटते.

विद्यार्थ्यांना खोटा दिलासा देणार नाही. वर्गात शिकवतात ती आजची लिस्बनची किंवा ब्राझीलची पोर्तुगीज. ती चांगली आली तरी सतराव्या शतकातला कागद लगेच वाचता येणार नाही. वळणदार, गुंतलेले हस्ताक्षर, शब्दांचे संक्षेप, हवी तशी शुद्धलेखनाची रीत. आणि त्यात आपली माणसे व गावे पोर्तुगीज कानांनी ऐकून लिहिलेली. ज्याने मोडीचा सराव केला आहे त्याला ही मेहनत ओळखीची वाटेल. म्हणून पोर्तुगीज मुख्य विषय घेणाऱ्याला जुन्या हस्तलिखितांचे वाचन आणि मोडी, दोन्ही अभ्यासक्रमातच मिळाले पाहिजे. हे झाले नाही तर पदवी हातात येईल आणि दफ्तर बंदच राहील.

पोटापाण्याचा प्रश्न पालक विचारतात आणि विचारलाच पाहिजे. मी पेशाने वकील आहे, तेव्हा माझ्या घरचेच सांगतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्याच्या कौटुंबिक आणि वारसा कायद्याचा पाया राहिली. जुनी खरेदीखते, नोटरीचे दस्त, कोमुनिदादीच्या म्हणजे गावकरी संस्थांच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. जमिनीचा वाद उभा राहिला की असा कागद कोर्टात येतो, आणि त्याचा भरवशाचा तर्जुमा करून देणारा माणूस शोधावा लागतो. शब्दन् शब्द जबाबदारीने उतरवणारे वयस्क होत चालले. त्यांची जागा घेणाऱ्यांना काम कमी पडणार नाही. बाहेरच्या जगात ब्राझील, अंगोला, मोझांबिक आहेत, तिथल्या व्यापाराला आणि दूतावासांना दुभाषी लागतात, हे वेगळे सांगायला नको.

आणि साहित्य! फ्रान्सिस्कु लुईश गोम्स यांची ‘उश ब्राह्मनेश’ ही कादंबरी १८६६ ची, एका गोमंतकीयाने पोर्तुगीजमध्ये लिहिलेली. आपले लक्ष्मणराव सरदेसाई मराठीचे नावाजलेले कथाकार. त्यांनी पोर्तुगीजमध्येही कथा लिहिल्या. एकाच लेखकाचे अर्धे लेखन वाचून आपण त्याच्यावर लेख लिहितो, हे मराठी समीक्षेला शोभत नाही. मराठीच्या एम. ए. ला बसणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने पोर्तुगीज गौण विषय घेऊन या कथांचा मराठी अनुवाद करावा, अशी माझी फार इच्छा आहे.

संमेलनातल्या ठरावांत पोर्तुगीज शिकवण्याची मागणी यावी, अशी स्वागत समितीच्या वतीने मी अध्यक्षांना विनंती करतो. ठरावाबरोबर शिष्यवृत्तीचाही विचार व्हावा. मालवण किंवा वसईहून पणजीत येऊन राहणाऱ्या मुलाला खोलीभाडे परवडले पाहिजे. समितीतल्या काही मित्रांनी त्यासाठी निधी गोळा करण्याची तयारी दाखवली आहे, आणि माझा वाटा मी आजच देतो आहे.

आपल्या निवासाची आणि जेवणाची व्यवस्था आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी मनापासून केली आहे. काही लागले तर निःसंकोच हाक मारा. आता संमेलनाध्यक्षांनी आपले विचार मांडावेत, अशी मी त्यांना विनंती करतो.