जनरल देलेस्त्रँ

दुसऱ्या महायुद्धातील फ्रान्सच्या मुक्तिसंग्रामाची कथा निघाली की जनरल द गॉल आणि जाँ मूलँ ही नावे सहज ओठांवर येतात. त्यांच्याच मालिकेत बसणारे, परंतु क्वचितच उच्चारले जाणारे एक नाव म्हणजे जनरल शार्ल देलेस्त्रँ.

देलेस्त्रँ यांचा जन्म 12 मार्च 1879 रोजी उत्तर फ्रान्समध्ये झाला. सँ-सिरच्या सैनिकी विद्यालयातून ते सैन्यात अधिकारी झाले. 1914 साली, पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच, ते जर्मनांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. पुढे रणगाड्यांच्या युद्धतंत्राचा त्यांनी ध्यास घेतला. मेत्झ येथे ते रणगाडा ब्रिगेडचे प्रमुख असताना त्यांच्या हाताखालील एका रेजिमेंटचे अधिपती होते कर्नल द गॉल.

मार्च 1939 मध्ये देलेस्त्रँ निवृत्त झाले. युद्ध पेटताच त्यांना परत बोलावण्यात आले. 1940 च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा पाडाव झाला आणि मार्शल पेताँ यांच्या सरकारने शस्त्रसंधी पत्करला. जुलैमध्ये सैनिकांचा निरोप घेताना देलेस्त्रँ यांनी त्यांना बजावले की, पराभव झाला तरी मन पराभूत होऊ देऊ नका. त्यानंतर ते बूर्ग-आं-ब्रेस या गावी जाऊन राहिले.

आयुष्यभर आज्ञापालन केलेल्या सैनिकापुढे आता विलक्षण पेच होता. सरकारची आज्ञा एक सांगत होती आणि देशाचे हित दुसरेच. 1942 साली दक्षिण फ्रान्समधील तीन प्रतिकार चळवळींची सशस्त्र पथके एकत्र करून 'गुप्त सेना' उभारण्याचे ठरले, तेव्हा तिच्या नेतृत्वासाठी देलेस्त्रँ यांना विचारण्यात आले. नेमणूक करणारे होते द गॉल. कालच्या कनिष्ठाची आज्ञा मानण्यात त्रेसष्ट वर्षांच्या या सेनापतीला कमीपणा वाटला नाही. 'व्हिदाल' हे टोपणनाव घेऊन ते कामाला लागले.

हे सैन्य विचित्र होते. त्याला गणवेश नव्हता, छावणी नव्हती, शस्त्रे अपुरी होती. ज्यांनी जिवावर उदार होऊन ही पथके जमवली, त्या चळवळींच्या नेत्यांना आपला अधिकार सोडणे जड जाई. या वादांतून वाट काढीत देलेस्त्रँ संघटना बांधीत राहिले. 1943 च्या आरंभी मूलँ यांच्यासह गुप्तपणे लंडनला जाऊन ते द गॉलना भेटले व पुन्हा शत्रुव्याप्त मायदेशी परतले. लंडनमध्ये राहिले असते, तर प्राण वाचले असते.

9 जून 1943 रोजी पॅरिसमधील ला म्युएत या भुयारी रेल्वे स्थानकाजवळ ते पकडले गेले. त्यांच्या जागी कोणास नेमावे, हे ठरवण्यासाठी 21 जूनला ल्याँजवळील कालुइर येथे बैठक भरली. तेथेच मूलँही जर्मनांच्या हाती पडले. देलेस्त्रँ यांना प्रथम फ्रेन तुरुंगात, नंतर स्ट्रुटहोफ आणि शेवटी डाखाऊ येथील छळछावणीत ठेवण्यात आले. तेथे 19 एप्रिल 1945 रोजी त्यांचा वध झाला. अवघ्या दहा दिवसांनी, 29 एप्रिलला, अमेरिकन सैन्याने ती छावणी मुक्त केली.

निवृत्तीने अधिकार संपतो. कर्तव्य संपते की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. देलेस्त्रँ यांनी ते ठरवले, आणि त्याची किंमत पुरेपूर चुकवली.